पणजीची नोंद

शहापूर किंवा मुरबाडच्या तहसील कचेरीत जातीच्या दाखल्यासाठी अर्ज करायचा, तर सोबत वंशावळ जोडावी लागते. अर्जदार, त्याचा बाप, आजा, पणजा. जमलं तर खापरपणजाही. अनुसूचित जमातीच्या घराला ६ सप्टेंबर १९५० पूर्वीचा कागद शोधावा लागतो, इतर मागासवर्गातल्या घराला १३ ऑक्टोबर १९६७ पूर्वीचा. म्हणून इथली कातकरी, ठाकूर, महादेव कोळी, कुणबी, आगरी माणसं शाळेचं जनरल रजिस्टर, जुने फेरफार आणि कोतवाल बुक चाळत फिरतात आणि पुष्कळदा पणजोबांचं नाव शोधूनही काढतात. पणजीचं नाव मात्र कुणी विचारत नाही, कारण ते लिहायला रकानाच नाही. ज्या बाईने ते घर उभं केलं, लावणीला वाकून अर्धं आयुष्य काढलं, पाच-सात बाळंतपणं सोसली आणि त्यातली दोन-तीन पोरं स्वतःच्या हाताने मातीआड केली, तिचा मागमूस सरकारी कागदात शोधायला गेलं तर पुष्कळदा हाती काहीच लागत नाही.

हा संग्रह अशा पणज्यांविषयी आहे. भातसानगर आणि त्याच्या आसपासचा शहापूर तालुका, आणि शेजारचा मुरबाड तालुका, एवढं त्याचं क्षेत्र. लिहिणारी पणतवंडं आज साधारण तिशीपासून साठीपर्यंतची आहेत. त्यांच्या पणज्या ढोबळमानाने १८८० ते १९२० या चार दशकांत जन्मल्या. यातल्या थोरल्यांनी लहानपणी १८९६ नंतरचा प्लेग पाहिला. १९१८ ची मानमोडीची, म्हणजे इन्फ्लुएंझाची, साथ बहुतेकींच्या घरावरून गेली. दुसऱ्या महायुद्धात त्यांनी रेशनच्या धान्यावर घर चालवलं. २ जानेवारी १९४३ रोजी सिद्धगडाच्या रानात स्वातंत्र्यसैनिक भाई कोतवाल आणि हिराजी पाटील हुतात्मा झाले, तेव्हा या बायका मुरबाडच्या वाड्या-वस्त्यांत संसार करत होत्या. १ एप्रिल १९५७ च्या कृषक दिनाने कुळांना जमिनीचे मालक ठरवलं, तेव्हा त्यांचे मुलगे कागद घेऊन कचेरीत गेले. १९७२ चा दुष्काळ काहींनी म्हातारपणी सोसला, आणि ज्या त्यापुढेही जगल्या त्यांनी भातसा नदीवर धरण उभं राहताना पाहिलं.

पणजीच का, आजी का नाही, असा प्रश्न पडेल. आजीला आपण पाहिलेलं असतं. तिची आठवण काढायला मुद्दाम काही करावं लागत नाही. खापरपणजीपाशी पोचेपर्यंत बहुतेक घरांत शब्दच संपतात. पणजी या दोहोंच्या मधली. तिला पाहिलेलं एखादं माणूस अजून हयात असतं. आफ्रिकेतल्या मौखिक परंपरांचा अभ्यास करणारे बेल्जियन इतिहासकार यान व्हान्सिना यांनी दाखवून दिलं, की लिखाणाचा आधार नसलेल्या समाजांना अलीकडचा काळ बारकाईने आठवतो, मूळपुरुषाच्या कथाही ठसठशीत आठवतात, पण या दोन्हींच्या मध्ये एक मोठी पोकळी असते आणि पिढी बदलली की ती पोकळीही पुढे सरकते. जर्मन अभ्यासक यान आसमान यांनी माणसांच्या बोलण्यातून टिकणाऱ्या आठवणीचं आयुष्य ऐंशी ते शंभर वर्षं, म्हणजे तीन-चार पिढ्या, असं मांडलं. आपल्या घरांना हेच माप लागू पडतं. पणजी आज त्या पोकळीच्या तोंडाशी उभी आहे. येत्या दहा-पंधरा वर्षांत तिला पाहिलेली शेवटची माणसं जातील, आणि मग तिच्याविषयी जे उरेल ते दुसऱ्याकडून ऐकलेलं असेल.

घराण्याची आठवण जपण्याचा इतिहास आपल्याकडे फार जुना आहे, आणि त्याचे दोन ठळक आरंभ बायकांच्या नावाने आहेत. मुरबाड तालुक्यातल्या वैशाखऱ्याहून चढणाऱ्या नाणेघाटाच्या माथ्यावर, जुन्नरच्या हद्दीत, सातवाहनांची राणी नागनिका हिचा ब्राह्मी लेख आहे. तो इसवी सनपूर्व पहिल्या शतकाच्या आसपासचा मानला जातो. यज्ञ आणि दक्षिणेचा हिशेब त्यात आहे. त्याच लेण्यात राजघराण्यातल्या माणसांच्या मूर्ती होत्या. मूर्ती आज उरल्या नाहीत, पण त्यांच्यावर कोरलेली नावं उरली. त्यांत सिमुक सातवाहन आहे, सातकर्णी आहे, राजपुत्र आहेत, आणि स्वतः नागनिकाही आहे. त्यानंतर काही पिढ्यांनी नाशिकच्या लेण्यात गौतमी बलश्रीने लेख कोरून घेतला. त्यात तिची ओळख राजाची आई आणि राजाची आजी अशी आहे. जुन्या राज्यांच्या काळात हे बळ राणीपाशी होतं. डोंगराखालच्या भातशेतीत राबणाऱ्या बाईपाशी दगड नव्हता आणि लेखकूही नव्हता. पण घराण्याची आठवण लिहिणं हे पुरुषांचंच काम, अशी समजूत असेल तर हे दोन लेख ती मोडून काढायला पुरेसे आहेत.

पुढच्या काळात घराण्यांच्या नोंदी कागदावर आल्या. त्र्यंबकेश्वर, नाशिक, पंढरपूर अशा ठिकाणच्या तीर्थोपाध्यायांनी वह्या ठेवल्या, आणि यात्रेला आलेल्या माणसाने त्यांत आपल्या पूर्वजांची नावं लिहवली. विसाव्या शतकात कुलवृत्तान्तांची लाट आली. चित्पावन, कऱ्हाडे, चांद्रसेनीय कायस्थ प्रभू अशा लिहित्या समाजांनी एकेका आडनावाचे जाडजूड ग्रंथ काढले. मोठ्या चिकाटीचं ते काम होतं आणि आजही संशोधकांना उपयोगी पडतं. पण त्याचा सांगाडा पुरुषांचा आहे. मूळपुरुषापासून शाखा फुटतात, मुलगे पुढच्या शाखा होतात, मुलींची वाट लग्नापाशी संपते. सून येते ती नवऱ्याच्या नावापुढे, कंसात. तिचं माहेर लिहिलं असलं तरी त्या माहेरची तिची आई कोण, हे त्या ग्रंथात येत नाही. एक अपवाद मात्र सांगण्यासारखा आहे. श्राद्धाच्या विधीत बाप, आजा, पणजा यांच्याबरोबर आई, आजी आणि पणजी यांचीही नावं घ्यावी लागतात. धर्मशास्त्राने विचारलेलं हे नाव कचेरीने कधी विचारलं नाही.

दुसरी परंपरा गावाच्या अभ्यासाची. त्रिंबक नारायण आत्र्यांनी १९१५ मध्ये ‘गावगाडा’ लिहून बलुत्या-अलुत्यांचा सगळा व्यवहार मांडला. आपल्या शेजारी, उल्हास नदीच्या काठी, ना. गो. चापेकरांनी १९३३ मध्ये बदलापूरवर पुस्तक काढलं. एका गावातली घरं, जाती, चालीरीती, खाणंपिणं, बोलणं यांचा एवढ्या जवळून घेतलेला वेध त्या काळात दुर्मीळ होता. आपल्या पणज्या ज्या जगात वाढल्या ते जग समजून घ्यायला ‘बदलापूर’ इतकं जवळचं पुस्तक दुसरं नाही. त्यात गाव आहे, गावातल्या बायकांचे सण आणि कामंही आहेत. एका बाईचं सलग आयुष्य मात्र त्यात शोधू नये. तो त्या पुस्तकाचा हेतू नव्हता.

ते काम बायकांनी स्वतः केलं. रमाबाई रानड्यांच्या आठवणी १९१० मध्ये आल्या, लक्ष्मीबाई टिळकांची ‘स्मृतिचित्रे’ १९३४ ते १९३६ या काळात. मराठी बाईचं रोजचं जगणं, तिचं स्वयंपाकघर, तिचा राग आणि तिचं हसणं हे साहित्याच्या मध्यभागी येऊ शकतं, हे लक्ष्मीबाईंनी सिद्ध केलं. मात्र हे लिखाण अक्षरओळख झालेल्या घरांतलं होतं. ते कुंपण पुढे दलित स्त्रियांनी तोडलं. बेबी कांबळे यांचं ‘जिणं आमुचं’ १९८६ मध्ये पुस्तकरूपात आलं, आणि स्वतःच्या कहाणीपेक्षा आजोळच्या महारवाड्यातल्या मागच्या पिढ्यांची कहाणी त्यांनी पुढे ठेवली. त्याच वर्षी शांताबाई कांबळे यांचं आत्मकथन आलं. ऊर्मिला पवारांच्या ‘आयदान’मध्ये (२००३) आईच्या हातातलं बांबूचं विणकाम सगळ्या पुस्तकाला आधार देतं. ज्या बाईने एक ओळही लिहिली नाही, तिच्या हाताच्या कामावरून तिचं आयुष्य कसं वाचायचं, हे या पुस्तकांनी शिकवलं. या संग्रहातल्या लेखकांवर सर्वात मोठं ऋण त्यांचंच आहे.

तिसरी परंपरा गाण्यांची. बाई निरक्षर असली तरी मुकी नव्हती. जात्यावर बसली की ती बोलत होती, आणि ते बोलणं ओवीत टिकलं. साने गुरुजींनी ‘स्त्रीजीवन’मध्ये ओव्या गोळा केल्या. सरोजिनी बाबर यांनी महाराष्ट्र राज्य लोकसाहित्य समितीच्या द्वारे गावोगावचं धन छापून आणलं. गी प्वातवँ आणि हेमा राईरकर यांनी मावळ-मुळशीच्या डोंगराळ भागापासून सुरुवात करून हजाराहून अधिक गावांतून लाखावर ओव्या जमवल्या. २०१७ पासून ‘पारी’ (पीपल्स आर्काइव्ह ऑफ रूरल इंडिया) या संकेतस्थळावर त्या आवाजासकट ऐकायला मिळतात. आपल्या भागात जात्याइतकंच महत्त्व उखळ-मुसळाला आणि लग्नातल्या धवळ्यांना आहे. धवळे गाणारी धवळारीण ही गावची मानाची बाई. वारल्यांमध्ये तीच लग्न लावते. महानुभाव कवयित्री महदंबेने तेराव्या शतकात धवळे रचले, तेव्हापासून हे गाणं मराठी बाईच्या तोंडी आहे. पणजी धवळारीण असेल, तर तिची पाठांतरं हीच तिची पोथी.

चौथी वाट मौखिक इतिहासाची. जगात या शास्त्राला संस्थेचं रूप १९४८ मध्ये मिळालं, जेव्हा ॲलन नेव्हिन्स यांनी न्यूयॉर्कच्या कोलंबिया विद्यापीठात मुलाखतींचं दफ्तर सुरू केलं. तिथे आधी मोठ्या पदांवरची माणसं बोलली. इंग्लंडमध्ये पॉल थॉम्पसन यांच्यासारख्यांनी तो रोख कामगार, शेतमजूर, घरकाम करणाऱ्या बायका यांच्याकडे वळवला. मुंबईत १९८८ मध्ये सी. एस. लक्ष्मी, नीरा देसाई आणि मैत्रेयी कृष्णराज यांनी ‘स्पॅरो’ हे स्त्रियांच्या आवाजांचं आणि चित्रांचं संग्रहालय उभारलं. ऊर्मिला पवार आणि मीनाक्षी मून यांनी आंबेडकरी चळवळीतल्या बायकांना घरोघर जाऊन भेटून ‘आम्हीही इतिहास घडवला’ हे पुस्तक केलं (१९८९). जुन्या ठाणे जिल्ह्यापुरतं बोलायचं तर गोदावरी परुळेकरांच्या ‘जेव्हा माणूस जागा होतो’ (१९७०) या पुस्तकाचं नाव घ्यावंच लागेल. त्यातली वारल्यांची लढाई डहाणू-तलासरीकडची असली, तरी वेठबिगार आणि लग्नाच्या कर्जापायी जन्मभर राबणारा लग्नगडी यांचं जे चित्र त्यांनी उभं केलं, ते आपल्या जंगलपट्टीलाही परकं नाही.

या सगळ्या वाटा शहापूर-मुरबाडपाशी येऊन थोड्या बदलतात, कारण इथल्या भूमीचा स्वभाव वेगळा आहे. १८६१ मध्ये रेल्वे कसाऱ्यापर्यंत आली आणि १८६५ मध्ये थळ घाट चढून इगतपुरीला गेली. वाशिंद, आसनगाव, आटगाव, खर्डी या स्टेशनांभोवतीचा शहापूरचा पुरुष मुंबईच्या गिरणीत, गोदीत किंवा रेल्वेच्या गँगमध्ये जाऊ शकला. मुरबाडला रेल्वे नव्हती. तिथला माल बैलगाडीने कल्याणला उतरत होता. मुंबईच्या तबेल्यांना लागणारं गवत इथल्या माळांवरून जात होतं, सरपण आणि कोळसा इथल्या जंगलातून जात होता, आणि पाणीही इथूनच. तानसा तलाव १८९२ मध्ये पुरा झाला. भातसा धरण विसाव्या शतकाच्या उत्तरार्धात उभं राहिलं, आणि आज मुंबईच्या पाण्यापैकी सुमारे निम्मं पाणी एकटं भातसा पुरवतं. त्याच तालुक्यातल्या पाड्यांना उन्हाळ्यात टँकरची वाट पाहावी लागते, आणि डोक्यावर हंडा घेऊन डोंगर उतरणारी बाई ही पणजीच्या काळची आठवण म्हणून मागे टाकता येत नाही.

पुरुष बाहेर गेला की शेत, गुरं आणि देवाणघेवाण बाईकडे आली. राबाची जागा ठरवणं, पेंढा-पालापाचोळा जाळणं, आवण टाकणं, लावणीला माणसं जमवणं, कणगीतलं भात आषाढ-श्रावणापर्यंत पुरवणं, सावकाराला किती द्यायचं आणि बियाण्याला किती राखायचं हे ठरवणं, ही सगळी कारभाराची कामं होती. कागदावर ती कुणाची बायको किंवा कुणाची आई होती. प्रत्यक्षात घराचा हिशेब तिच्या डोक्यात होता. या संग्रहातले लेख वाचताना ही गोष्ट पुन्हापुन्हा समोर येते आणि मला ती सर्वात महत्त्वाची वाटते. आपण पणजीला कष्टाळू, सोशिक, प्रेमळ म्हणतो. ती कर्ती होती, हे म्हणायचं राहून जातं.

तिचं ज्ञानही असंच नोंदीबाहेर राहिलं. पहिल्या पावसाआधी रानात शेवळं उगवतात. ती नुसती शिजवली तर घशाला खाज सुटते. त्यांत काकडाची फळं घालावी लागतात, हे इथल्या घरोघरी ठाऊक आहे. टाकळा, कंटोळी, बाफळी, मोहाची फुलं, मोहटीचं तेल, कोणता कंद कसा उकडायचा आणि किती पाण्यातून काढायचा, ही माहिती कुणा एका पणजीची नाही. पण प्रत्येक घरात ती एखाद्या पणजीकडून आजीकडे आणि आजीकडून आईकडे आली. ती सुईण असेल तर अर्ध्या गावाचा जन्म तिच्या हातून झाला. अशा बाईचं चरित्र लिहायचं तर तारखांपेक्षा हातांच्या सवयी विचारणं अधिक फळाला येतं.

तारखा तरी कुठून मिळणार? मुलगे शाळेत गेले तेव्हा मास्तरांनी दाखल्यावर १ जून लिहिला; मुलींना शाळाच नव्हती. म्हणून पणजीचं वय काढायला प्रसंगांची दिनदर्शिका लागते. मानमोडीच्या वेळी ती अंगावर पीत होती की न्हातीधुती झाली होती? कूळकायदा लागला तेव्हा तिचा थोरला किती वर्षांचा होता? भातसाचं काम निघालं तेव्हा ती चालती-फिरती होती का? असे तीन-चार दुवे जोडले की जन्मसाल पाच-सात वर्षांच्या आत येतं.

नावाचं कोडं याहून अवघड. लग्नात मुलीचं नाव बदलायची चाल असलेल्या घरांत पणजीला दोन नावं होती आणि माहेरचं नाव सासरी कुणी उच्चारलं नाही. लग्नात तिने उखाण्यात नवऱ्याचं नाव घेतलं. तिचं नाव घेण्याचा प्रसंग घरात कधी आला नाही. ती कुणाची आय झाली, कुणाची बय झाली, शेवटी घरची म्हातारी झाली. हे एकट्या ठाणे जिल्ह्यात घडलं असं नाही. १९५१-५२ च्या पहिल्या सार्वत्रिक निवडणुकीआधी देशभरातल्या सुमारे २८ लाख बायकांची नावं मतदारयादीतून गळली, कारण त्यांनी स्वतःचं नाव न सांगता अमक्याची बायको, तमक्याची आई असं सांगितलं होतं. त्यांतल्या बहुतेक जणी उत्तरेकडच्या राज्यांतल्या होत्या. ज्या बायांनी नाव सांगितलं, त्यांच्यासाठी ती मतदारयादी कदाचित पहिला सरकारी कागद ठरली, जिथे त्या स्वतःच्या नावाने उभ्या राहिल्या. पणजीचा शोध घेणाऱ्याने तिथून सुरुवात करायला हरकत नाही. सातबाऱ्यावर तिचं नाव दिसलं, तर ते बहुधा नवरा गेल्यावर वारस म्हणून चढलेलं असतं. फेरफाराच्या नोंदीत मुलींची नावंही सापडतात, आणि थोड्याच वर्षांनी त्यांच्या हक्कसोडीची नोंदही.

आठवण लिहिताना सर्वात मोठी अडचण मात्र कागदाची नसते, ती अब्रूची असते. इथल्या अनेक समाजांत विधवेला पाट लावता येत होता. नवरा गेलेली, नवऱ्याने टाकलेली बाई दुसऱ्या घरी नांदायला जाऊ शकत होती आणि तिची मुलं त्या घरची होत होती. कित्येक घरांत मुलीच्या बापाला देज मिळत होतं. हुंडा नंतर आला. शिक्षण आणि पैसा आल्यावर ह्या चाली कमीपणाच्या वाटू लागल्या, आणि पुढच्या पिढ्यांनी पणजीचा पाट झाकला, सवत झाकली, मोहाची दारू झाकली. त्यामुळे तिच्या आयुष्यातले सर्वात धीट निर्णय पुसले गेले. एकदा संसार मोडल्यावर जी बाई लेकराला कडेवर घेऊन दुसऱ्या गावात नवं घर मांडते, तिच्याबद्दल पणतवंडांना अभिमान वाटायला हवा. या संग्रहातल्या काही लेखांनी हे धारिष्ट दाखवलं आहे, आणि घरातल्या वडीलधाऱ्यांची संमती घेऊन दाखवलं आहे. दुसऱ्या बाजूला, तिला मारहाण झाली असेल, तिनेच सुनेला छळलं असेल, मुलींना उपाशी ठेवून मुलग्यांना वाढलं असेल, तर तेही लिहायला हवं. पणजीला देव्हाऱ्यात बसवलं की ती पुन्हा एकदा दिसेनाशी होते.

कातकरी घरांबाबत ही अडचण अजून खोल आहे. पावसाळा संपला की कुटुंब वीटभट्टीवर जातं. घर कुडाचं, जागा दुसऱ्याची, फोटो नाही, कागद नाही. तिथे पणजीची आठवण माणसांच्या बोलण्याशिवाय कुठेच नाही. ज्यांच्याकडे पेटीभर कागद आहेत त्यांच्यापेक्षा अशा घरांच्या आठवणी आधी लिहिल्या जाव्यात, असं माझं ठाम मत आहे.

हे सगळं आजच का करायचं? पहिलं कारण वर आलंच आहे: साक्षीदार जात आहेत. दुसरं कारण जमिनीचं. समृद्धी महामार्ग शहापूर तालुक्यातून गेला, २०२५ मध्ये त्याचा शेवटचा टप्पाही खुला झाला. रस्त्याच्या आजूबाजूच्या जमिनी विकल्या जात आहेत, माळांवर बंगल्यांचे प्लॉट पडत आहेत. जमीन विकताना अचानक आत्या आणि मावश्या आठवतात, कारण त्यांच्या सह्या लागतात. ज्या घरांनी बायकांची आठवण एरवी ठेवली नाही, त्यांना ती त्या दिवशी भांडणाच्या रूपात भेटते. तिसरं कारण कायद्याचं आहे आणि आशेचंही. वनहक्क कायदा २००६ मध्ये आला. त्याच्या नियमांनी गावातल्या वृद्धांचं लेखी नोंदवलेलं कथन पुरावा म्हणून मान्य केलं. बिगर-आदिवासी दावेदाराला तीन पिढ्यांचं, म्हणजे ७५ वर्षांचं वास्तव्य दाखवावं लागतं. विवाहित जोडप्याला मिळणारा हक्क नवरा-बायको दोघांच्या नावे नोंदवायचा, असं हा कायदा सांगतो. शहापूर-मुरबाडच्या जंगलकाठच्या गावांत म्हाताऱ्या माणसाच्या आठवणीला कचेरीत किंमत आली ती या कायद्यामुळे. १ मे २०२४ पासून जन्मणाऱ्या मुलांच्या नावात, राज्य सरकारच्या कागदांवर, आईचं नाव बापाच्या नावाआधी लिहिलं जातं. म्हणजे आज जन्मलेल्या मुलीच्या पणतवंडांना तिचं नाव सापडेल. आपल्या पणजीसाठी मात्र हे काम आपणच करायचं आहे.

या संग्रहाने ते कसं करून पाहिलं, हे थोडक्यात सांगतो. प्रत्येक लेखकाने पणजीची माहेरची आणि सासरची अशी दोन्ही नावं, दोन्ही गावं आणि तिच्या आईचं नाव शोधायचा प्रयत्न केला आहे. बापाच्या बाजूच्या पणजीबरोबर आईच्या बाजूचीही पणजी लिहायला मोकळीक होती, आणि बऱ्याच जणांनी तीच निवडली. सासुरवाशीण आईने आपल्या आजीच्या आठवणी अधिक जपून ठेवल्या होत्या, हे त्यामागचं कारण असावं. दोन भावंडांनी एकच गोष्ट दोन तऱ्हांनी सांगितली, तर दोन्ही ठेवल्या आहेत. सांगणाऱ्याचे शब्द त्याच्या बोलीत ठेवले आहेत. आगरी, कुणबी, कातकरी बोलणं पुस्तकी करून छापलेलं नाही. ऐकीव काय आणि डोळ्यांनी पाहिलेलं काय, हे वाचकाला वेगळं ओळखता यावं, याची काळजी घेतली आहे. मी हा नियम सर्वात महत्त्वाचा मानतो, कारण पणजीची आठवण जिव्हाळ्याने काढली तरी ती पुराव्याच्या शिस्तीने लिहिली पाहिजे. तसं केलं तरच ती उद्या इतिहासकाराच्या, वकिलाच्या आणि तिच्याच नातीच्या उपयोगी पडेल.

संग्रहाच्या मर्यादाही उघड आहेत. शिकलेली, लिहिती घरं यात जास्त आली. वीटभट्टीवरची घरं कमी. डोळखांब-किन्हवलीच्या मानाने माळशेजकडची गावं थोडी आली. मुसलमान घरांतल्या पणज्या येत्या काळात याव्यात. पुढच्या खंडाचं काम इथूनच सुरू व्हायला हवं. वाडा, जव्हार, मोखाडा, कर्जत या शेजारच्या तालुक्यांतल्या वाचकांनीही आपापल्या घरात अशी नोंद सुरू करावी. त्यासाठी विद्यापीठ लागत नाही. मोबाइलवर आवाज टिपून घ्यावा, घरातल्या सर्वात थोरल्या बाईजवळ बसावं आणि आधी तिच्या आजीच्या हातचं काय आवडायचं ते विचारावं. मग माहेर, मग नाव, मग शेत. आजी बोलू लागली की मध्ये तोडू नये, आणि ऐकलेलं त्याच आठवड्यात लिहून काढावं.

ज्या घराला पणजीचं पूर्ण नाव, तिचं माहेर आणि तिने केलेलं काम सांगता येतं, त्या घराला या मातीवरचा आपला इतिहास स्वतःच्या तोंडाने सांगता येतो. धरणं, रेल्वे आणि रस्ते यांचा इतिहास लिहायला पुष्कळ हात आहेत. त्यांच्या काठावर जगलेल्या बायकांचा इतिहास त्यांची पणतवंडंच लिहू शकतात, आणि या पुस्तकात त्यांनी तो लिहायला घेतला आहे.